टोकियोतली पाच वाजताची धून

मुलांना टोकियोत डिस्नेलँडशिवाय काय दाखवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: दोन दिवस कुठलंही तिकीट न काढता यानाका या टोकियोतल्या जुन्या वस्तीत राहा.

आम्ही मार्चमध्ये आईसकट पाचजण तिथे होतो. पहिल्याच संध्याकाळी पाचला खांबांवरच्या भोंग्यांतून बालगीताची धून वाजली आणि बागेतली मुलं दप्तरं उचलून निघाली. हे भोंगे भूकंपासारख्या आपत्तीत सूचना देण्यासाठी असतात. रोज धून वाजवल्यामुळे ते चालू आहेत का, हेही तपासलं जातं. वेळ वॉर्डानुसार आणि ऋतूनुसार थोडी बदलते. माझी लेक पुढे रोज त्या धुनेची वाट बघायची.

सकाळी पहिलीदुसरीतली मुलं पालकांशिवाय शाळेत जाताना दिसतात. आमचा मुलगा आठ वर्षांचा, त्याने लगेच विचारलं, "मग मी का नाही?" त्याला नीट उत्तर देता आलं नाही, आणि तो प्रश्न मला अजून छळतो.

आराकावा ट्राममध्येही नक्की बसा. मिनोवाबाशी ते वासेदा, १२.२ किलोमीटर, घरांच्या परसांना अगदी खेटून जाते.

सेंतो म्हणजे मोहल्ल्यातलं सार्वजनिक स्नानगृह. बायकापुरुषांची सोय वेगळी, पण आत कपडे चालत नाहीत, आणि हौदात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं. आई आधी नकोच म्हणाली. मग एका आजींनी तिला खुणेनेच बसायचं स्टूल आणि बादली दाखवली. दुसऱ्या दिवशी आईच टॉवेल घेऊन आमच्या आधी तयार!