पोट आधी बिघडलं की मन? आठ महिने हेच चाललंय

रातराणी_३४
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेले आठेक महिने पोटाचं काहीतरी बिनसलंय. सकाळी उठते तेव्हा पोट एकदम सपाट असतं आणि दुपारी चारच्या सुमारास असं फुगतं की ऑफिसात टेबलाखाली हात घालून पँटचं बटण सोडून ठेवावं लागतं, मीटिंगला उठायचं असेल तर आधी ते लावायचं आणि मग उठायचं. कधी दोन दोन दिवस साफ होत नाही, कधी एकाच सकाळी तीनदा जावं लागतं. पण खरं सांगू का, मला पोटापेक्षा त्याच्या जोडीने जे आलंय त्याचा त्रास जास्त होतोय. झोप तुटक झालीये, दुपारनंतर डोकं जड, कशात लक्ष लागत नाही, मुलावर उगाच ओरडते आणि रात्री तो झोपला की त्याच्याकडे बघून रडू येतं. आधी मी अशी नव्हते हो.

मग वाचलं की पोट म्हणजे दुसरा मेंदू, ९० टक्के सेरोटोनिन (मूडशी जोडलेलं रसायन) पोटातच तयार होतं, म्हणजे पोट सुधारलं की मूड आपोआप सुधारणार. म्हणून एकेक सोडत गेले. आधी दूध सोडलं, आठवडाभर बरं वाटलं, मग परत ये रे माझ्या मागल्या. मग गहू. मग कडधान्यं, कांदा, लसूण, कोबी. साखर तर केव्हाच बंद, गोड खावंसं वाटलं की शुगर फ्री च्युइंगगम चघळते. प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल दोन महिने झाले चालू आहेत. आता मी मोजून नऊ-दहा गोष्टी खाते आणि त्याही खाताना भीती वाटते. डॉक्टरांकडे एकदा जाऊन आले, त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले.

मला एवढंच विचारायचंय, पोटामुळे मन बिघडलंय की मनामुळे पोट? आणि अजून काय सोडून बघू?

आहारवाली
रातराणी ताई, मी डाएटिशियन आहे, रोज हेच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिलं म्हणजे कृपा करून आता अजून काहीही सोडू नका.

दुसरं, खाण्यापिण्याचं बोलायच्या आधी हे सांगा: शौचातून रक्त जातं का, वजन आपोआप उतरलंय का, पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येते का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) होता का? ह्यातल्या एकालाही हो असेल तर हा धागा नंतर वाचा, आधी पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या. आणि सगळ्याला नाही असलं तरी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी १२ तपासून घ्याच. थायरॉइड कमी पडला तर बद्धकोष्ठ, थकवा, उदास वाटणं हे सगळं एकदम येतं आणि माणूस बिचारा कोबीला दोष देत बसतो. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या तर बी १२ कमी होऊ शकतं, तेव्हा त्या किती दिवस घ्यायच्या तेही विचारा.

गहू सोडलात ते मला सगळ्यात जास्त खटकलं. सिलिॲकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खरं काय ते सांगते. गहू बंद असेल तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे तपासणीच्या आधी किती दिवस परत गहू खायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता सेरोटोनिनचं. ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात बनतं हे खरंच आहे, पण ते सेरोटोनिन मेंदूत जाऊच शकत नाही, रक्त आणि मेंदूच्या मधल्या पडद्यापाशी अडतं. आतड्यात त्याचं काम वेगळंच, आतडी हलवणं, अन्न पुढे ढकलणं. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो. म्हणजे पोटात भरलं की डोक्यात चढलं, असा तो हिशोब नाही. पण म्हणून पोटाचा आणि मनाचा संबंध खोटा असंही नाही. आतड्याच्या भिंतीत १० कोटींच्या वर चेतापेशी आहेत, आणि पोटापासून मेंदूपर्यंत जी व्हेगस नर्व्ह जाते तिच्यातले बहुतेक धागे खालून वर निरोप नेणारे आहेत. वरून हुकूम येतात त्यापेक्षा खालून वर्दी जास्त जाते. शिवाय मोठ्या आतड्यातले जिवाणू फायबर खाऊन ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. तुम्ही त्या जिवाणूंचं जेवणच बंद केलंय ना ताई, कडधान्यं गेली, कांदा लसूण गेला, गहू गेला, आणि वरून कॅप्सूलमधून नवीन जिवाणू आत सोडताय. त्यांनी खायचं काय?

खिडकीपाशी
+१. फक्त एक विचारतो, च्युइंगगम दिवसाला किती?

विचारायचं कारण असं की माझं अगदी हेच झालं होतं. सिगरेट सोडली तेव्हा शुगर फ्री गम लागला, ड्रॉवरमध्ये डबी, गाडीत डबी, दिवसाला आठ-दहा सहज. पोट ढोलासारखं. त्यात गोडीसाठी जे सॉर्बिटॉल असतं ते लहान आतड्यात नीट शोषलंच जात नाही, तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं, सोबत पाणी ओढून घेतं आणि तिथले जिवाणू त्याचा गॅस करतात. शिवाय चघळताना हवा गिळली जाते ती वेगळीच. मी वर्षभर दूध, डाळी, टोमॅटो सगळ्यांवर संशय घेतला आणि ह्या डबीकडे कधी बघितलंच नाही कारण ते खाणं आहे असं मला वाटतच नव्हतं.

मला सापडलं ते वहीमुळे. साधी शाळेची वही घेतली, एका पानावर एक दिवस. काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, पोट कसं, आणि शेवटी एक ओळ की आज डोक्याला काय त्रास झाला. तीन आठवड्यांनी पानं उलटली तेव्हा दिसलं की गम वगळता पदार्थांचा कुठलाच धागा लागत नाहीये, पण वाईट दिवस बहुतेक त्याच्या दुसऱ्या दिवशी जेव्हा दुपारचं जेवण बुडालं आणि रात्री साडेदहाला भूक भूक करत दुप्पट जेवलो. किंवा मोठ्या भावाशी फोनवर वाजलं होतं. त्या ओळी वाचून मला खरंच धक्का बसला, कारण फोन झाला हे माझ्या लक्षातही नव्हतं, पोटाच्या मात्र बरोबर लक्षात होतं.

नवा_वाचक
थोडं वेगळं मत. फायबर वाढवा फायबर वाढवा हे सगळेच सांगतात, मलाही सांगितलं होतं, मी एका रात्रीत चालू केलं, कोंडा काय, सॅलड काय, कच्चं सगळं, आणि चौथ्या दिवशी कळवळत पडलो. तेव्हापासून कुणी फायबर म्हटलं की नको वाटतं. मला फरक पडला तो लो फॉडमॅपने. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीच्या लोकांनी काढलेलं आहे ते. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, काही फळं ह्यात ज्या पटकन आंबणाऱ्या साखरा असतात त्या कमी करायच्या. तेव्हा ताईंनी जे सोडलंय ते अगदीच चुकीचं नाहीये, अंदाजाने का होईना बरोबर यादीच धरलीये.

आहारवाली
नवा_वाचक, तुमचं पटतंय, पण अर्धं. ते तीन टप्प्यांचं आहे. पहिला टप्पा फक्त दोन ते सहा आठवडे, मग एकेक गट परत आणून बघायचा आणि शेवटी ज्याने त्रास होतो तेवढंच कमी ठेवायचं. बहुतेकांचं दोन-तीन गोष्टींवर निभावतं. लोक पहिल्या टप्प्यातच मुक्काम ठोकतात, ताईंचं तेच झालंय आणि तेही कुणाच्या देखरेखीशिवाय.

फायबरचं तुम्हाला जे झालं ते मी खूप बघते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते, पण आज आठ खाणाऱ्याने उद्या पंचवीस खाल्लं तर पोट बंड करणारच. आणि इरिटेबल बॉवेल (तपासण्यांत काही सापडत नाही पण पोट दुखतं, शौचाचं तंत्र बिघडतं तो त्रास) असेल तर गव्हाच्या कोंड्याने उलट वाढतं, इसबगोलसारखं पाण्यात फुलणारं फायबर जास्त मानवतं. चमचाभर, भरपूर पाण्याबरोबर, आणि आठवडाभर तेवढ्यावरच थांबायचं.

आहारातून मूड सुधारतो का, तर फेलिस जाका ह्या संशोधिकेच्या टीमने ऑस्ट्रेलियात केलेलं एक काम आहे, २०१७ साली आलं. डिप्रेशन असलेली ६७ माणसं, १२ आठवडे. एका गटाला आहाराचा सल्ला, दुसऱ्याला नुसत्या गप्पा, सोबत. आहाराच्या गटात साधारण तिसरा हिस्सा लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, दुसऱ्यात ८ टक्के. माणसं कमी होती, कोण कुठल्या गटात हे त्यांना माहीत होतं, बऱ्याच जणांचे उपचारही चालू होते, तेव्हा ह्यावर गोळ्या वगैरे बंद करू नका. पण मला त्यातलं आवडतं ते हे की तो सगळा आहार ताटात घालण्याचा होता, भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे. तळलेलं आणि गोडधोड कमी करा म्हटलं होतं, पण मुख्य जोर घालण्यावर.

रातराणी_३४
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मला काय बोलावं कळत नाहीये.

गम मोजला. काल सात. पर्समध्ये एक पाकीट, ऑफिसच्या टेबलावर एक. मी कधी मोजलाच नव्हता. रक्त नाही, रात्री जाग पोटामुळे नाही येत. वजन चार किलो उतरलंय पण मी खातच कमी आहे ना.

एक सांगायचं राहिलं, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. हे सगळं सुरू व्हायच्या आधी मला जोरदार फूड पॉयझनिंग झालं होतं, पाच दिवस जुलाब आणि ताप, अँटिबायोटिकचा कोर्स झाला. त्यातून बरी झाले आणि महिन्याभराने हे फुगणं चालू झालं. आणि हो, तेव्हाच ऑफिसात माझ्या टीममधल्या दोघांना काढलं, त्यांचं काम माझ्याकडे आलं.

आहारवाली
ताई, हे तर सगळ्यात आधी डॉक्टरांना सांगायला हवं! पोटाचं मोठं इन्फेक्शन झालेल्यांमध्ये साधारण दहातल्या एकाला नंतर इरिटेबल बॉवेल मागे लागतं, आणि त्या काळात मनावर ताण असेल तर शक्यता आणखी वाढते. अँटिबायोटिकनंतर आपले मूळचे जिवाणू परत यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ साली दाखवलं की अँटिबायोटिकनंतर लगेच प्रोबायोटिक घेतलेल्यांचे स्वतःचे जिवाणू उलट उशिरा परत आले. तुमच्या बाबतीत तेच झालं असेल असं म्हणत नाही, पण दोन महिन्यांत फरक नाही तर त्या कॅप्सूल बंद करायला हरकत नाही.

चार किलो मात्र सांगाच, कमी खाल्ल्यामुळे असेल असं स्वतःच ठरवून टाकू नका.

आणि तुमचा मूळ प्रश्न, आधी पोट की आधी मन. ह्यावर ऑस्ट्रेलियातच त्याच त्या लोकांना १२ वर्षांनी परत विचारून बघितलंय, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. सुरुवातीला ज्यांचं पोट चांगलं पण मनात चिंता होती त्यांच्यात पुढे पोटाच्या तक्रारी जास्त निघाल्या. आणि ज्यांचं मन शांत पण पोट बिघडलेलं होतं त्यांच्यात पुढे चिंता आणि नैराश्य जास्त. रस्ता दोन्हीकडून वाहतो. त्यामुळे उपायही दोन्हीकडून करता येतो. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल ह्या डॉक्टरांनी १९८४ मध्येच इरिटेबल बॉवेलवर संमोहनाने गुण येतो हे दाखवलं होतं, आज कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीही (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार) त्यासाठी देतात. कुणी काउन्सेलरकडे जा म्हटलं तर ह्यांना माझं दुखणं खोटं वाटतंय असं मनात आणू नका. आतड्याच्या नसा हळव्या होतात, तेवढाच गॅस इतरांना जाणवत नाही आणि तुम्हाला कळ येते. दुखणं खरंच असतं.

रातराणी_३४
तीन आठवड्यांनी लिहितेय. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हिमोग्लोबिन कमी आलंय, थायरॉइड ठीक, बी १२ अगदी काठावर. लोहाच्या गोळ्या चालू केल्यात. सिलिॲकच्या टेस्टसाठी सहा आठवडे रोज गहू खायला सांगितलाय, मग रक्त घेणार. मी घाबरत घाबरत चालू केला, पण गम बंद केल्यापासून गहू खाऊनसुद्धा पोट आधीएवढं फुगत नाहीये. पँटचं बटण ह्या आठवड्यात एकदाच सोडलं, गुरुवारी, आणि वहीत बघितलं तर त्या दिवशी दुपारी जेवलेच नव्हते.

मूड अजून तसाच वरखाली आहे, झोप मात्र सलग पाच तास लागते कधी कधी. ऑफिसात बोलले, एक काम कमी केलं त्यांनी. काउन्सेलरची वेळ पुढच्या सोमवारची मिळालीये.

काल रात्री मसूर शिजवली. स्वतःसाठी दोन चमचे वाटीत काढून घेतले तर मुलगा म्हणाला आई, आज तू पण आमच्यातलंच खाणार? मला एकदम कळलं की आठ महिने तो मला वेगळ्या ताटात जेवताना बघतोय.

पोट ठीक आहे आज. आता किती वाढवू?

आहारवाली
अजून चार दिवस दोन चमचेच राहू द्या, मग तीन. कांदा, लसूण इतक्यात नको, टेस्ट होऊ द्या. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकतं, तसं झालं तर पदार्थांवर संशय घेऊ नका, वहीत नोंद करा आणि डॉक्टरांना सांगा. रिपोर्ट आला की इथे लिहा, वाट बघतेय.

खिडकीपाशी
मीपण.