घरच्या सुरीला धार घरीच लावावी, असं माझं ठाम मत आहे

ओट्यापाशी

गेल्या महिन्यात साताऱ्याला भावाकडे गेलो होतो. वहिनी टोमॅटो चिरत होती. सुरी सालीवरून नुसतीच सरकत होती. मग तिने सुरीच्या टोकाने टोमॅटोला भोक पाडलं आणि तिथून कापायला सुरुवात केली. ताटभर रस आणि बिया. धार कधी लावली होती, विचारलं, तर म्हणाली, "धारवाला येईल तेव्हा लावू." त्याला येऊन आठ महिने झाले होते.

मी हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा दगड आणला, एक बाजू भरड आणि एक बारीक. ओल्या फडक्यावर ठेवला म्हणजे सरकत नाही. अर्ध्या तासात तीन सुऱ्या झाल्या.

अवघड असं त्यात एकच आहे, कोन. चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण १४ मिलिमीटर उचलली की २० अंश होतात. सुरुवातीला पट्टी लावून बघा, मग हाताला सवय होते. एकाच बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूच्या कडेला बारीक खरखर लागेपर्यंत. बोट धारेच्या लांबीने कधीच फिरवायचं नाही, पाठीकडून कडेबाहेर न्यायचं. ती खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली की बाजू बदलायची. बहुतेकांची धार येत नाही ती इथेच, कारण खरखर लागायच्या आधीच ते सुरी उलटवतात. शेवटी बारीक बाजूवर अगदी हलक्या हाताने फिरवून ती काढून टाकायची.

यंत्राच्या चाकावर मी आता सुरी देत नाही. माझी एक सुरी सहा वर्षं चाकावर जात होती. मुठीजवळ तिला खळगा पडला. कोथिंबीर चिरली की तेवढ्या भागातल्या काड्या एकमेकींना धरून राहायच्या, कारण तिथे पातं फळीला टेकतच नव्हतं. चांगलं पातं असं झिजून गेलेलं बघवत नाही. ज्या वस्तूला आपण रोज हात लावतो तिची निगा आपल्याला यायला हवी.

सायकलची घंटा

दगडाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण चाकाबद्दल पटलं नाही. आमच्याकडे ठाण्यात सायकल स्टँडवर लावून, पायडल मारून चाक फिरवणारे एक काका येतात. वडिलांपासून हेच काम. पातं चाकावर टेकवतात, लगेच उचलतात, डब्यातल्या पाण्यात बुडवतात, परत टेकवतात. मी समोर उभा राहून पाहिलं आहे. पायाने फिरणारं चाक आणि विजेवर फिरणारं चाक यात फार फरक आहे, आणि तुमची सुरी कुणी खाल्ली ते तुम्ही लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे, सगळ्यांनी घरी धार लावली तर या माणसांनी काय करायचं? एका सुरीचे तीस रुपये घेतात. तेवढ्यात त्यांचा अनुभव मिळतो आणि गल्लीत एक हुन्नर टिकून राहतो.

ओट्यापाशी

माझी सुरी मोटरच्या चाकावर गेली होती, हे लिहायला हवं होतं. मूळ भीती उष्णतेची. पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून झटकन गार करून ते कठीण केलेलं असतं. धारेची कड कागदासारखी पातळ, ती क्षणात तापते आणि २०० अंशांच्या वर गेली की पाणी उतरायला लागतं. साधं पोलाद ३०० च्या आसपास निळं पडतं, म्हणजे निदान दिसतं तरी. स्टेनलेस पात्याचा रंग उशिरा बदलतो, त्यामुळे नुकसान झालेलं डोळ्यांना कळतही नाही. धार आली असं वाटतं आणि चार दिवसांत जाते.

तुमच्या काकांसारखी माणसं असतील तर आनंदच आहे. कात्री मी स्वतःही घरी लावत नाही, ती त्यांच्याकडेच द्यावी. पण आठ महिने बोथट सुरीने स्वयंपाक करत वाट बघणं मला मान्य नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे. घरी आल्यावर डबा, मुलं, झोप. ओलं फडकं, कोन, खरखर हे सगळं वाचूनच दमले. माझ्याकडे ओढायचा शार्पनर आहे, खाचेत सुरी घालून चार वेळा ओढायची. वीस सेकंदात कांदा नीट कापला जातो. त्यात वाईट काय आहे?

पटाशी

ताई, तुमच्या वेळेचा प्रश्न खरा आहे. त्या खाचेत बहुधा कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कठीण अशा दोन पट्ट्या असतात, त्या धार घासत नाहीत, पोलाद खरवडून काढतात. कड करवतीसारखी होते. टोमॅटोला ती छान लागते, पण टिकत नाही, म्हणून परत ओढावं लागतं आणि सुरी लवकर संपते. स्वस्तातली सुरी असेल तर खुशाल वापरा. चांगली असेल तर नको.

आमचं सुतारकाम. रंध्याचं पातं आणि पटाशी रोज दगडावर जाते, खंडेनवमीला पूजेआधी तर सगळीच हत्यारं. लोक शहाबादी फरशीवर सुरी घासतात, त्याबद्दल सांगतो. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, पोलादापेक्षा मऊ. त्यावर सुरीपेक्षा फरशीच जास्त झिजते. कुरुंद लागतो, नाहीतर कार्बोरंडम, म्हणजे कारखान्यात बनवलेला तसाच कठीण दगड. काठिण्याच्या दहाच्या मापावर कुरुंद नऊवर आहे, चुनखडी तीनवर.

आणि धार कितीही लावा, स्टीलच्या ताटात किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाजी चिरत असाल तर दोन दिवसांत संपली. आधी लाकडी फळी घ्या. हे मी धार लावण्याच्याही आधी सांगेन.

आडाळी

सगळी चर्चा सुरीवर चालली आहे. आमच्या कोकणातल्या घरात आजही आडाळी, म्हणजे विळी, आहे. तिच्या पात्याला आतून बाक असतो, तुमचा सपाट दगड तिथे टेकणारच नाही. पातं हलवायचं नाही, दगड हलवायचा. लांबट, कडा गोल असलेला दगड घेऊन वरून खाली. आई चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कड फिरवायची. तिथे चकाकी नसते म्हणून ती चालते. रोज फिरवली तर पुरतं.

पण मला धारेविरुद्धच बोलायचं आहे. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या, मधुमेहामुळे बोटांना नीट जाणवत नाही. मुलाने सगळ्या सुऱ्या कौतुकाने लावून ठेवल्या. चाळीस वर्षं दाबून चिरायची त्यांना सवय. त्याच जोराने दुधी चिरला आणि अंगठ्याला तीन टाके. कापल्याचं त्यांना रक्त दिसल्यावर कळलं. "बोथट सुरीनेच जास्त कापतं" हे सगळे म्हणतात. आमच्या घरात तसं झालं नाही.

ओट्यापाशी

वाचून वाईट वाटलं. बोथट सुरी घसरते म्हणून धोक्याची, हे माझं मत अजून आहे, पण हाताला सवय नसेल तर धारदार सुरी अचानक पुढ्यात ठेवू नये, हे मी लिहायला हवं होतं. वहिनीकडेही मी न सांगताच सुऱ्या परत जागेवर ठेवल्या होत्या. आज फोन करून सांगतो. तुमच्या सासूबाईंसाठी एक सुरी वेगळ्या रंगाच्या मुठीची ठेवा आणि ती लावूच नका.

रात्रपाळी

मधुमेहाच्या रुग्णांचं हे आम्ही वॉर्डात रोज बघतो. आडाळीताई, जखम भरेपर्यंत रोज बघत राहा.

दगड आणला तर भरड-बारीक नेमका कोणता घेऊ? आकडे लिहिलेले असतात.

पटाशी

आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. घरासाठी १००० नंबरचा एकच पुरे. कड तुटलेली असेल तर आधी ४०० वर घ्या. ३००० च्या पुढे हौस. एक लक्षात ठेवा, दगड पाण्यावर वापरायचा की तेलावर ते पहिल्या दिवशी ठरवा. एकदा तेल मुरलं की पाणी धरत नाही.

सायकलची घंटा

रविवारी काका आले होते. मुद्दाम शेजारी उभा राहिलो. चाकावरून पातं उतरवल्यावर त्यांनी पिशवीतून हाताएवढा चपटा दगड काढला, मधोमध झिजून खोलगट झालेला, आणि दोन्ही बाजूंनी चार-चार हात मारले. कशासाठी, विचारलं, तर म्हणाले, "खरखर राहिली तर गिऱ्हाईक परत येतं, भांडायला."

ओट्यापाशी

ते महिन्याच्या कोणत्या रविवारी येतात? माझी मावशी ठाण्यातच राहते, तिच्या शिवणाच्या दोन कात्र्या आहेत.