कंपनीची नोकरी सोडून ट्रक लीजवर घ्यावा का? हिशोब तपासून हवा आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत ट्रक चालवणारे मराठी लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, पण टॅक्स आणि आकडेमोड कळणारे इथे भरपूर आहेत, म्हणून इथेच विचारतोय.

पावणेतीन वर्षं एका मोठ्या कंपनीत ड्रायव्हर आहे. ड्राय व्हॅन (बंद डब्याचा साधा ट्रेलर), अठ्ठेचाळीस राज्यं, तीन आठवडे रस्त्यावर मग चार दिवस घरी. मैलाला ५८ सेंट. गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या काढून बसलो तर रस्त्यावरच्या आठवड्याला सरासरी २,३५० मैल निघाले, म्हणजे १,३६३ डॉलर. घरचा आरोग्य विमाही याच नोकरीतून आहे.

आता कंपनीच्या लीज विभागातून फोन सुरू झालेत. ट्रक त्यांच्याच दुसऱ्या कंपनीकडून आठवडी हप्त्यावर घ्यायचा, परत यांच्याकडेच लावायचा आणि लोडच्या भाड्यातले ७० टक्के आपले. चार वर्षांनी शेवटची मोठी रक्कम भरली की ट्रक आपल्या नावावर. फोनवरच्या बाईंनी एक कागदही पाठवलाय, आठवड्याचा हिशोब: २,८०० मैल, भाडं ६,४००, त्यातले आपले ४,४८०. हप्ता ८५०, डिझेल १,३५०, इतर २५०. हातात २,०३०. खोटं कशाला बोलू, तो आकडा बघून दोन रात्री झोप लागली नाही.

बायकोने कागद बघितला आणि एकच विचारलं, "२,८०० मैल तू शेवटचे कधी केलेस?" शोधलं. सहा महिन्यांत दोनदा.

मग माझ्या खऱ्या मैलांवर पुन्हा मांडलं. २,३५० मैलांना त्याच दराने भाडं होतं ५,३७१, त्यातले आपले ३,७६०. कागदावर रिकामे मैल शून्य धरलेत आणि गाडीचं ॲव्हरेज गॅलनला ७.५ मैल! माझी आत्ताची गाडी ६.८ देते, आणि एक लोड टाकून दुसरा उचलायला आठवड्याला अडीचशे मैल तरी रिकामं जावं लागतं. म्हणजे २,६०० मैलांचं डिझेल, गॅलनला ३.६० ने १,३७६. हप्ता ८५०, विमा १६५, प्लेट-परमिट आणि ईएलडीचे (चालवण्याचे तास नोंदवणारं यंत्र) ७०. शिवाय मैलाला १२ सेंट 'मेंटेनन्स फंडा'त कापणार, ते ३१२. ही ओळ बाईंच्या कागदावर नव्हतीच, करारनाम्याच्या नमुन्यात सापडली. उरतात ९८७.

त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा, मालकाचा वाटाही आपणच भरायचा) १३९. राहिले ८४८. नोकरीत त्याच टॅक्सचा फक्त माझ्या वाट्याचा ७.६५ टक्के कापून १,२५९ राहतात. इन्कम टॅक्स दोन्हीकडे नंतर.

शिवाय घरी चार दिवस बसलो तरी हप्ता, विमा, परमिट मिळून १,०८५ चालूच. जानेवारीत वायोमिंगमध्ये वाऱ्यामुळे आय-८० बंद झाला, दीड दिवस एकाच पार्किंगमध्ये उभा होतो. तेव्हा फक्त कंटाळा आला होता. लीजवर असतो तर त्या दीड दिवसाचेही पैसे मीच भरले असते.

आमच्या टर्मिनलवरच्या एका लीजवाल्याने मला त्याचं सेटलमेंट (कमाई-कपातीचा हिशोब) दाखवलं. कपातींचीच दोन पानं. सगळ्यात खाली, इतर ओळींसारख्याच बारीक अक्षरात: उणे २१२.४८. आठ दिवस गाडी चालवून हा माणूस कंपनीचं देणं लागत होता, आणि ते पुढच्या आठवड्यात वळतं होणार होतं. पण तोच म्हणाला, "डिसेंबरमध्ये एका आठवड्यात २,४०० सुटले होते." म्हणून मन पुन्हा डळमळलं.

प्रश्न असे: माझ्या हिशोबात काय चुकतंय? टॅक्समध्ये लीजवाल्याला असा काही फायदा आहे का की चित्र पालटेल? आणि सही करण्याआधी काय काय मागून घ्यावं?

– अठराचाकी

प्रतिसाद: हिशोबनीस

मांडणी बरोबर आहे, एक गोष्ट राहिली. १०९९ वर (म्हणजे नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) काम करणाऱ्याला रस्त्यावरच्या दिवसांचा पर डीएम (रोजचा जेवणखर्च) वजा करता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून ट्रकवाल्यांसाठी दिवसाला ८० डॉलर, त्यातले ८० टक्के ग्राह्य, म्हणजे ६४. आठवड्याला सहा दिवस धरले तर ३८४ नफ्यातून कमी. दोन्ही टॅक्स मिळून शंभरेक डॉलर वाचतील. नोकरीवाल्याला हा खर्च २०१८ पासून स्वतःच्या रिटर्नमध्ये घेता येत नाही.

तरी तुमचा फरक ४११ चा आहे. शंभराने तीनशेवर येईल, पालटणार नाही. आणि दर तिमाहीला ॲडव्हान्स टॅक्स स्वतः भरावा लागेल: एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी. यात नवे लीजवाले हमखास अडकतात, कारण पैसे तोवर डिझेलमध्ये गेलेले असतात.

प्रतिसाद: जुना_चालक

दादा, मी हे चौदा महिने केलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

१२ सेंटचा फंड पुरणार नाही. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या आकड्यांत दुरुस्ती-देखभालीचा खर्च मैलाला २० सेंटच्या आसपास आहे, टायर वेगळे. त्यांतही नव्या गाड्या वापरणारे मोठे ताफे मोजलेले असतात. तुम्हाला मिळणार कुणीतरी सोडून दिलेली गाडी. तुमच्या २,६०० मैलांना वरचे आठ सेंट म्हणजे आणखी २०८ डॉलर.

माझी गाडी घेतली तेव्हा ४,८०,००० मैल झालेली होती. तिसऱ्या महिन्यात डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) पिवळा दिवा लागला. गाडी उभी करून रीजेन केलं (फिल्टरमधली काजळी जाळली), दोन दिवसांनी परत दिवा. मग सेन्सर, मग फिल्टर साफ, मग कळलं की मूळ दोष इंजेक्टरचा. नऊ दिवस गाडी गॅरेजमध्ये, मी मोटेलमध्ये, आणि हप्ता वेळेवर कापला जातोय. फंडात जमलेले सगळे गेले, वर उधारी झाली. त्या उधारीमुळे पुढचे चार महिने मी कुठलाही लोड नाकारू शकलो नाही.

आता काय मागायचं ते. फेडरल 'ट्रुथ इन लीजिंग' नियमांनुसार कराराची प्रत तुमच्याकडे हवी आणि कापली जाणारी प्रत्येक गोष्ट करारात लिहिलेली हवी. टक्केवारीवर पैसे घेत असाल तर सेटलमेंटसोबत मूळ भाड्याच्या बिलाची प्रत द्यावी लागते. ती मागाच, नाहीतर ७० टक्के कशाचे हेच कळत नाही. कागद जमा केल्यापासून १५ दिवसांत पैसे, आणि करार संपल्यावर ४५ दिवसांत एस्क्रोचा (कंपनीकडे जमा असलेल्या आपल्या पैशांचा) हिशोब. मात्र मेंटेनन्स फंड परत मिळतो की नाही, हे करारातल्या शब्दांवर ठरतं. ती ओळ तीनदा वाचा. फॉर्म २२९० चा ५५० डॉलरचा रोड टॅक्स कोण भरणार तेही विचारा.

आणि २०२१ च्या कायद्यातून सरकारनेच नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ मध्ये असे लीज-पर्चेस प्रकार बंदच करा अशी शिफारस केलीय. फोनवरच्या बाई हे सांगणार नाहीत.

प्रतिसाद: पाटलांचा_पोर

सगळेच घाबरवताय म्हणून लिहितो. मी ओनर-ऑपरेटर (स्वतःच्या मालकीची गाडी चालवणारा) आहे आणि नोकरीपेक्षा बरा सुटतो. पण मी गाडी बँकेच्या कर्जाने घेतली, दुरुस्तीचे २०,००० बाजूला ठेवून. एका ठिकाणी भाडं पडलं की पाटी काढून दुसरीकडे लावतो. तुमच्या प्रकारात कंपनी सोडली की गाडी तिथेच राहते, भरलेले हप्तेही तिथेच. एकच विचारा: लोड नाकारला तर काय होतं? डिस्पॅचर (लोड वाटणारा कंपनीचा माणूस) रुसून दोन दिवस बसवून ठेवणार असेल तर मालक तोच, तुम्ही फक्त डिझेल भरणारे.

अठराचाकी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल बाईंना फोन करून तीन गोष्टी ईमेलवर मागितल्या: गेल्या वर्षी किती जणांनी गाडीची ही लीज घेतली आणि किती जणांच्या नावावर गाडी झाली, मला मिळणाऱ्या गाडीचा दुरुस्तीचा इतिहास, आणि अंतिम करार आठवडाभर आधी. पहिल्याला "तशी नोंद आम्ही ठेवत नाही". दुसऱ्याला "गाडी सहीच्या दिवशी ठरते". तिसऱ्याला "ओरिएंटेशनला या, तिथेच वाचायला देऊ".

बायको म्हणाली, उत्तर मिळालं की.

सध्या नोकरीतच राहतोय. ५८ चे ६२ सेंट मागायचे ठरवलंय, जूनमध्ये तीन वर्षं होतील. पाटील, कर्जाने गाडी घेताना तुमचं स्वतःचं डाउन पेमेंट किती टक्के होतं आणि पहिल्या वर्षी विमा किती बसला, ते व्यनि केलंत तरी चालेल.