ॲबा नव्याने ऐकणाऱ्याला काय द्याल? तुमचे अनुभव लिहा

परवा भाचीने विचारलं, "मावशी, ॲबा ऐकायचंय, कुठून सुरू करू?" मी लगेच 'ॲबा गोल्ड' म्हटलं. ॲबा हा स्वीडनचा पॉप बँड थांबला १९८२ च्या अखेरीस, हा संग्रह आला १९९२ मध्ये. १९ गाणी. पहिलं 'डान्सिंग क्वीन', शेवटचं 'वॉटर्लू'. १९७४ ची युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकून ज्या गाण्याने त्यांचं नाव जगभर झालं, ते इथे सगळ्यात शेवटी येतं. मला हे फार आवडतं. पण भाचीचं उत्तर आलं, "दोन ऐकली, छान नाचरी आहेत." जीव खट्टू झाला. तुम्ही कुणाला कसं ऐकवलंत? कुठलं गाणं आत उतरलं?

टिळक रोड
आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, इंग्रजी गाण्यांचं वावडं नव्हतं, पण ओढही नव्हती. आयुष्यभर पेटी शिकवली त्यांनी. एका दुपारी मी स्वयंपाकघरात 'गोल्ड' लावलं होतं. आठवं गाणं आलं, 'द विनर टेक्स इट ऑल', आणि बाहेरून पेटीचा आवाज आला. बाबा सूर शोधत होते. म्हणाले, "अगं, दोनच चाली आहेत, त्याच फिरून फिरून येतात. तरी दर वेळी वेगळं वाटतं. गाणारी बाई ते घडवतेय." मी सांगितलं, शब्द बँडमधल्या ब्यर्नचे, गाणारी बँडमधलीच आग्नेथा, आणि दोघांचा संसार तेव्हा नुकताच मोडला होता. बाबांचा हात भात्यावर तसाच राहिला. मग म्हणाले, "पुन्हा लाव."
नवख्याला मी पहिलं गाणं सांगतच नाही. आठवं सांगते.

कॅम्प
मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. शिकाऊ मुलांना हेडफोन देतो आणि 'डान्सिंग क्वीन' लावतो. सुरुवातीला पियानोवरून बोटं सर्रकन घसरतात आणि बँडमधल्या दोघी गायिकांचे, आग्नेथा आणि फ्रीडाचे, आवाज भिंतीसारखे उभे राहतात. इतका भरीव आवाज दोघींचा कसा, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. त्यांचे ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो त्याच आवाजांचे एकावर एक थर चढवायचे, आणि थर चढवताना टेपचा वेग अगदी किंचित बदलायचे. त्या बारीकशा फरकाने आवाज रुंदावतो. एवढं सांगून मी म्हणतो, आता आग्नेथाचा उंच आवाज आणि फ्रीडाचा खालचा, गडद आवाज वेगवेगळे धरून ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, कळकळीची विनंती.

सहकारनगर
माझी लेक 'चिकिटीटा' या गाण्यामुळे ॲबाकडे आली. तिची जिवलग मैत्रीण शहर सोडून गेली, तेव्हा आठवडाभर घरात तेच एक वाजत होतं. दुःखात असलेल्या मैत्रिणीला धीर देणारं गाणं आहे, शब्द न कळताही पोचतं. १९७९ मध्ये त्यांनी त्याच्या कमाईतला वाटा युनिसेफला दिला, हे कळल्यावर लेकीला ते आणखीच आपलं वाटलं.

औंध
'गोल्ड' द्याच, पण तिथे थांबू नका. 'द डे बिफोर यू केम' त्यात नाही, ते १९९३ च्या 'मोर ॲबा गोल्ड'मध्ये आहे. माझ्या मते त्यांचं सगळ्यात खोल गाणं तेच. मात्र पहिल्याच दिवशी देऊ नये, मुरायला वेळ लागतो.

धागा सुरू करणारी
रविवारी भाची जेवायला येतेय. मुलाचे चांगले हेडफोन मागून ठेवलेत. आठव्यापासून सुरू करते.