जुन्या बाजारातली रेकॉर्ड: आधी धुवायची की आधी वाजवायची?

धागाकर्ता: खाचखळगे

मुंबईत मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथून एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी प्लॅस्टिकची तबकडी, घरी आली की बहुतेक जण कव्हर पुसतात, रेकॉर्डवरून सदऱ्याची बाही फिरवतात आणि लगेच सुई टेकवतात. माझं ठाम मत आहे की हे करू नये. दुसऱ्याच्या माळ्यावरून आलेली एलपी ओली धुतल्याशिवाय एकदाही वाजवू नये, अगदी "कशी वाजते बघू" म्हणूनसुद्धा नाही.

एलपीची खाच वरच्या तोंडाशी साधारण ५० ते ६० मायक्रॉन रुंद असते, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. त्यात माती, बोटांचं तेल, उदबत्तीचा धूर आणि पावसाळ्यातली बुरशी थराथराने बसलेली असते. सुईवर वजन २ ग्रॅमच असतं, पण ते इतक्या लहानशा ठिकाणी टेकतं की मध्ये सापडलेला मातीचा कण खाचेच्या भिंतीत रुततो. नंतर धुतल्यावर कण निघतो, खड्डा राहतो. मग तीच टकटक कायमची.

द्रावण: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटोच्या फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी एकसारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) ४-५ थेंब. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं, ५ लिटरचा कॅन कुठेही मिळतो. अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. हँड सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन खाचेत चिकट थर सोडतं.

लेबलचा व्यास १० सेंमी. तेवढीच दोन प्लॅस्टिकची झाकणं घ्या, कडेला रबरी वायसर लावा आणि मधल्या भोकातून बोल्टने आवळा, लेबल कोरडं राहतं. द्रावण ओता, २ मिनिटं थांबा, मऊ केसांच्या चपट्या ब्रशने खाचेच्या दिशेने ८-१० फेऱ्या मारा. आडवा हात मारायचा नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून काढा, मायक्रोफायबरने टिपा आणि भांड्यांच्या जाळीत उभी करून पंख्याखाली २-३ तास ठेवा. उन्हात अजिबात नाही. वाळली की नव्या आतल्या पिशवीत घाला. जुन्या पिशवीत परत घातलीत तर धुतलेलं सगळं वाया.

---

कोरडा ब्रश

असहमत. द्रावणाबद्दल तक्रार नाही, लोक ते कसं वापरतात याबद्दल आहे. तुम्ही "दोनदा खळबळून काढा" लिहिलंत, पण शंभरातले किती जण ते करतात? अर्धवट धुतलेली रेकॉर्ड न धुतलेलीपेक्षा वाईट. कोरडी माती निदान सुट्टी असते. ती पाण्यात कालवून खाचेच्या तळाशी नेली आणि तिथेच वाळू दिली की तिची पुट्टी होते. मग सुईच्या टोकाला राखाडी लोकर जमते आणि शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज फाटतो.

दुसरं, नळाचं पाणी. बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत बादली वाळली की पांढरे डाग राहतात, तेच खाचेत राहतात. "आरओचं आहे ना" म्हणणाऱ्यांनी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून पाहावा, शून्य येत नाही.

ज्या रेकॉर्डवर बोटांचे ठसे नाहीत, बुरशीचे ठिपके नाहीत, नुसती वरवरची धूळ आहे, तिला कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. तबकडी फिरू द्यायची, ब्रश दोन फेऱ्या हलका टेकवायचा आणि तिसऱ्या फेरीत हळूहळू बाहेर ओढून उचलायचा. प्रत्येक बाजूनंतर सुई साफ करायची, मागून पुढे. पुढून मागे ब्रश मारला तर सुईची दांडी वाकते.

---

खाचखळगे

@कोरडा ब्रश, खळबळण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण "वरवरची धूळ" डोळ्यांनी ठरवता येत नाही. टॉर्च तिरका धरूनसुद्धा तेलाचा पातळ थर दिसत नाही, आणि कोरडा ब्रश तेलाला हातही लावत नाही.

---

लाखेची तबकडी

थांबा. शीर्षकात "रेकॉर्ड" लिहिलंय आणि जुन्या बाजारात एलपीच्या ढिगातच ७८ च्याही, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या असतात. हे द्रावण त्यांच्यावर पडलं तर संपलं. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण तबकडी हातात आली की आठवत नाही. एकच फडका फिरला तरी चकाकी जाते, खाचेच्या कडा मऊ होतात, आणि बालगंधर्वांची किंवा मास्टर दीनानाथांची ती तीन मिनिटं त्या तबकडीपुरती गेली.

ओळखायची कशी? १० इंची, हाताला जड, कडक, अजिबात न वाकणारी, लेबलवर ७८ किंवा वेगाचा उल्लेखच नाही. एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया अशी लेबलं. आपल्याकडे साठच्या दशकातसुद्धा लाखेच्या तबकड्या निघत होत्या, त्यामुळे "फार जुनी दिसत नाही, म्हणजे प्लॅस्टिकची असेल" असं धरून चालू नका.

धुवायचीच तर २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे २ थेंब. मऊ फडका बुडवून घट्ट पिळायचा, एका बाजूला एक मिनिट फिरवायचा, साध्या ओल्या फडक्याने साबण काढायचा आणि लगेच कोरडी करायची. भिजत ठेवायची नाही. लाखेबरोबर त्यात दगडाची पूड आणि इतर भर असते, चिरेतून पाणी आत गेलं की ती फुगते. कोलंबियाच्या लॅमिनेटेड तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, कड फुटलेली असेल तर पापुद्रेच सुटतात.

आणि ती एलपीच्या सुईने वाजवू नका. ७८ ची खाच कितीतरी रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई तळाशी बसून कचरा खरवडते आणि स्वतःही झिजते.

---

डिंकाचा थर

एलपीपुरतं बोलतो. ब्रश जिथे पोचत नाही तिथे पांढरा गोंद पोचतो, ज्याला आपण सगळे फेविकॉलच म्हणतो. ही पद्धत जगभर लोक वापरतात. हा गोंद प्लॅस्टिकच्या रेकॉर्डला चिकटत नाही, पण खाचेतल्या मातीला धरतो. वाळल्यावर अख्खा पापुद्रा सालीसारखा निघतो, उजेडात धरला तर त्यावर खाचांचा उलटा ठसा दिसतो आणि मध्येमध्ये काळे कण अडकलेले दिसतात.

एका बाजूला १ मिमी जाडीचा थर हवा. लेबल सोडून क्षेत्रफळ काढलं तर ६०-६५ मिली गोंद लागतो. यात कंजुषी केली की थर पातळ होतो आणि सोलताना तुकडे पडतात. टर्नटेबलवर नाही, वेगळ्या फिरत्या पाटावर ठेवून जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पसरवा. लेबलपासून ३-४ मिमी लांब राहा. कडेला जाड कागदाच्या पट्टीचं एक टोक गोंदात बुडवून ठेवा, सोलायला तेच धरायचं. पांढरेपणा पूर्ण जाऊन थर काचेसारखा पारदर्शक झाल्याशिवाय हात लावायचा नाही. कोरड्या हवेत रात्रभर पुरते. जुलैत मुंबईत हा उद्योग करू नका.

---

मोनो बटण

@डिंकाचा थर, तुमची कृती नीट आहे. पद्धतीलाच माझा विरोध आहे, आणि तोही रसायनामुळे नाही. एलपीच्या दोन्ही बाजूंना मिळून सव्वाशे मिली गोंद आणि दोन रात्री लागतात. एक तुकडा खाचेत राहिला तर तो काढायला पुन्हा गोंद. सोलताना इतकी स्थिर वीज तयार होते की रेकॉर्ड खोलीतली धूळ स्वतःकडे ओढते, म्हणजे शेवटी ओली धुवावीच लागते. मग सुरुवातीलाच का धुवू नये? लाखेच्या तबकडीवर तर गोंदाचं नावही नको, तिला तो धरून बसतो.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे आणि तो या धाग्यात अजून कोणीच मांडला नाही. जुन्या रेकॉर्डची खरखर पुष्कळदा घाण नसते, झीज असते. झीज धुऊन जात नाही.

आपल्याकडच्या रेकॉर्ड कशावर वाजल्या ते आठवा. घरोघरी रेडिओग्राम किंवा सुटकेससारखे प्लेअर, त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग), सुईवरचं वजन ५ ग्रॅमच्या वर. सुई बहुतेक वेळा हिऱ्याची नाही, सफायरची. ती काही डझन तासांत बोथट व्हायची आणि मग वर्षानुवर्षं बदलली जात नव्हती. मांडवात वाजलेल्या सिनेगीतांच्या रेकॉर्डची दशा तर विचारूच नका. अशा सुईने खाचेची भिंत घासली जाते. "स" आणि "श" फाटून येतात, रेकॉर्डच्या आतल्या भागातलं शेवटचं गाणं सगळ्यात वाईट वाजतं. हा आवाज दहा वेळा धुतलं तरी तसाच राहतो.

म्हणून द्रावणावर खर्च करण्याआधी सुईकडे बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच बॉडीवर वेगवेगळ्या सुया बसतात. गोल टोकाची आणि मायक्रोलिनियर (खास घडवलेल्या, अतिशय बारीक कडेची), अशा दोन्ही जवळ ठेवाव्यात, दोन्हींना वजन २ ग्रॅम. गोल सुया भिंतीच्या ज्या पट्ट्यावर घासून गेल्या, त्याच्या वरखाली मायक्रोलिनियर सुई टेकते. बरेचदा तिथे शाबूत खाच मिळते आणि फाटका "स" सावरतो. कधी उलटही होतं, ती जास्त तपशील वाचते आणि झीजही जास्त ऐकवते. म्हणून दोन सुया.

दुसरा उपाय जवळजवळ फुकट. एचएमव्हीच्या ईसीएलपी क्रमांकाच्या एलपी मोनो आहेत, ईसीएसडी स्टिरिओ. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत असते ती धूळ, झीज आणि मोटरची घरघर. दोन्ही चॅनल एकत्र केले की उभी हालचाल आपोआप वजा होते. अँपवर मोनोचं बटण असेल तर दाबा. नसेल तर टर्नटेबल आणि फोनो स्टेजच्या (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) मध्ये दोन वाय-केबल समोरासमोर जोडा. पेटीचा सूर तसाच राहतो, मागचा सूंऽऽ आवाज कमी होतो.

---

कोरडा ब्रश

@मोनो बटण यांना पूर्ण अनुमोदन. मग हे सगळं विकत घेतानाच तपासा ना. बाजारात वाजवून बघता येत नाही, पण लेबल बोलतं. मधल्या भोकाभोवती बारीक राखाडी रेघा दिसतात, स्पिंडल शोधताना रेकॉर्ड सरकवल्याच्या. दोन-चार असतील तर कमी वाजलेली. भोकाभोवती कागद धुरकट, केसाळ झाला असेल तर ठेवून द्या. भोक मोठं झालं असेल तर रेकॉर्ड मध्यावर बसत नाही आणि लांब सूर डोलतो, तानपुऱ्यावर लगेच कळतं.

चरा नखाला अडकला तर टकटक येणारच. नुसता डोळ्यांना दिसला, नखाला लागला नाही, तर बहुतेक चालतो. काळी चकाकी जाऊन गाण्यांचे पट्टे राखाडी दिसत असतील तर ती झीज. लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक लेबलवरच्या क्रमांकाशी जुळतो का तेही बघा, आणि कव्हरात रेकॉर्ड तीच आहे ना हे पैसे देण्याआधी. विक्रेता "व्हीजी" (व्हेरी गुड) म्हणाला तर आनंदून जाऊ नका, त्या श्रेणीत खरखर गृहीत धरलेली असते.

---

ओल धरलेलं कपाट

कोकणातून एक भर. धुऊन ओलसर पिशवीत घातलेली रेकॉर्ड इथे महिन्याभरात पुन्हा ठिपके दाखवते. बुरशी प्लॅस्टिक खात नाही, खाचेतली घाण आणि कव्हरचा कागद खाते. तेव्हा जून ते सप्टेंबर धुणं बंद ठेवा, किंवा धुतल्यावर अख्खी रात्र पंख्याखाली वाळवा. कपाटाला भिंतीपासून चार बोटं जागा, आत सिलिका जेल, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायचं. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकवर बसते. जाड, चिकट वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्याही काढून टाका, त्या रेकॉर्डवर दुधी डाग पाडतात. रेकॉर्ड उभ्याच ठेवा. शंभर एलपी कव्हरसकट २३-२५ किलो भरतात, एकावर एक रचल्या तर खालच्या वाकतात.

---

खाचखळगे

@लाखेची तबकडी, मोठी चूक दाखवलीत. संपादकांना विनंती: माझ्या कृतीच्या वर "फक्त एलपी आणि ईपी (लहान प्लॅस्टिकच्या रेकॉर्ड), ७८ ला अल्कोहोल नाही" हे ठळक घाला.

@मोनो बटण, झीज धुऊन जात नाही हे मान्य. पण धुतल्याशिवाय ती झीज आहे की घाण, हे तुम्ही कसं ठरवणार? मातीने भरलेल्या खाचेत हजारो रुपयांची मायक्रोलिनियर सुई आधी घालायची?

---

मोनो बटण

नाही घालायची. गोल सुईने आधी वाजवायची, तेवढ्यासाठीच ती ठेवायची. तुम्ही "एकदाही नाही" म्हणता ते मला अजून पटलेलं नाही, आणि पडताळता येतं. एकाच रेकॉर्डची सुरुवातीची कोरी खाच आणि दोन गाण्यांमधली शांत जागा धुण्याआधी संगणकावर घ्या. मग धुवा, पूर्ण वाळवा, तीच सुई, तेच २ ग्रॅम, आवाजाची पातळी न हलवता पुन्हा घ्या. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवा. टोकदार काटे कमी झाले तर ती घाण होती. काटे त्याच जागी राहिले तर चरा. आणि गाण्यातल्या "स"वर दोन्ही सारखेच फाटत असतील तर झीज. पाच-सहा वेगवेगळ्या रेकॉर्डवर करून इथे टाका, मीही टाकतो. अल्कोहोलसह आणि अल्कोहोलशिवाय, दोन्ही. २०० मिली खरंच लागतं की ५० मध्ये भागतं, तेही त्यातच दिसेल.