प्रतिसाद: तिबिलिसी ते काझबेगी, टॅक्सी की मार्श्रुत्का?
वर विचारलंय की जॉर्जियात तिबिलिसीहून काझबेगीला जायला पूर्ण टॅक्सी करावी की मार्श्रुत्का (ठरलेल्या मार्गावरची शेअर व्हॅन) चालेल. दोघंच असाल, सामान कमी असेल तर मार्श्रुत्काच घ्या. मेट्रोने दिदुबेला उतरायचं, बाहेरच स्टँड आहे, पण टॅक्सीवाले आधीच गाठतात आणि "व्हॅन गेली, आता नाही" वगैरे सांगतात, लक्ष न देता सरळ आत चालत राहायचं. काचेवरची पाटी बऱ्याचदा जॉर्जियन लिपीत असते, त्यामुळे नाव मोबाईलवर सेव्ह करून ड्रायव्हरलाच दाखवा, आणि हो, काझबेगीचं अधिकृत नाव स्तेपान्त्समिंदा आहे, दोन्ही ठेवा. पैसे लारीत (जॉर्जियाचं चलन), रोख. गाडी भरली की सुटते, सकाळी लवकर गेलात तर खिडकी मिळते नाहीतर मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन तीनेक तास, त्यात घाट, गाडी लागणाऱ्यांनी पुढेच बसा (आणि ओव्हरटेक बघू नका, झोपा सरळ). मात्र वाटेतला अनानुरीचा किल्ला बघायचा असेल तर व्हॅन सहसा थांबत नाही, त्यासाठी दिदुबे स्टँडवरच्याच शेअर टॅक्सीवाल्याशी थांबे आधी ठरवून मगच बसा. हिवाळ्यात बर्फाने वरची खिंड कधीकधी बंद होते, तेव्हा परतीच्याच दिवशी फ्लाइट ठेवू नका.