तबुले : बुलगरऐवजी भरडलेला गहू?

तबुलेला, म्हणजे पार्सली (कोथिंबिरीसारखी दिसणारी पानं), टोमॅटो आणि बुलगरच्या अरबी सॅलडला, पाणी सुटतं म्हणून टोमॅटोच्या बिया काढाव्यात, हे या चर्चेत कुणीतरी सुचवलंय ते बरोबर आहे. पण 'बुलगर नसेल तर भरडलेला गहू भिजवून घाला' हे मात्र पटलं नाही. दोन्ही दिसायला सारखे असले तरी बुलगरचा गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला असतो. म्हणून बारीक बुलगर नुसता भिजवला तरी मऊ होतो. साधा भरडलेला गहू कच्चाच असतो. मी एकदा तो तासभर भिजवून घातला होता. सॅलड दिसायला सुरेख झालं, पण प्रत्येक घासाला कचकच लागत होती आणि पाहुण्यांनी ते तसंच बाजूला सारलं. फार वाईट वाटलं. तोच वापरायचा असेल तर मोकळा शिजवा आणि पूर्ण गार करून मगच मिसळा.

आणखी एक, लेबनॉनी पद्धतीच्या तबुलेत पार्सली मुख्य, धान्य अगदी थोडं. दोन मोठ्या जुड्यांना तीन-चार चमचे बारीक बुलगर पुरतो. तो पाण्यात न भिजवता लिंबाच्या रसात आणि टोमॅटोच्या सुटलेल्या रसातच भिजू द्यायचा, मग बियाही काढाव्या लागत नाहीत. पार्सली मात्र धुऊन अगदी कोरडी करा आणि धारदार सुरीनेच चिरा. मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो आणि चव कडवट लागते.